कोरडी वात

प्रिय भिंगरी,

पत्र बघून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, म्हणजे पायऱ्या चढताना दुखतो आणि माझ्याशी भांडताना दुखत नाही. माझा रक्तदाब परवा मोजला. डॉक्टर म्हणाले, काका, वयाच्या मानानं उत्तम आहे. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, यंत्राकडे बघितलं, तेव्हापासून मला जरा शंका आहे. ते असो. रोज फोनवर बोलतो तर पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला एखादी गोष्ट सरळ सांगता येत नाही हे तू जाणतेस. मी मध्येच जेवलीस का विचारतो आणि मुद्दा राहून जातो. कागदावर तसं होत नाही. (जेवतेस ना वेळेवर?) हा चौथा कागद आहे, आधीचे तीन फाडले. सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला एवढं लिहिणं म्हणजे उन्हात अनवाणी चालणं. चुका असतील त्या पोटात घाल. पत्र तुला शनिवारपर्यंत मिळायला हवं, म्हणून पोस्टातल्या बाईंना दोनदा विचारून आलो. तिसऱ्यांदा गेलो तर त्या मलाच पाकिटात घालतील.

मंगळवारी तू म्हणालीस, बाबा, राजीनामा लिहून ठेवलाय, सोमवारी वरच्या बाईंच्या टेबलावर ठेवणार. मी विचारलं, जेवलीस का. तू हो म्हणालीस. मग तू म्हणालीस, तुम्हाला एका काचेच्या नळीवरून कळलं होतं बाबा, मला भिंतभर कॉम्प्युटरचे पडदे असून कळलं नाही, तुमच्यात जे होतं ते माझ्यात उतरलंच नाही. एवढं बोलून फोन ठेवलास. मी तसाच उभा. आईनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, जेवली म्हणाली. आणि अंगणात जाऊन पांढऱ्या पेटीपाशी उभा राहिलो. निवृत्तीच्या दिवशी वेधशाळेतल्या सगळ्यांनी मिळून मला जुनी झडपांची पेटी आणि आतले दोन तापमापक दिले, ते तुला आठवतच असेल. अजून रोज साडेअकराला मी वाचन घेतो आणि वहीत लिहितो. कुणालाच ते नको असतं. गेल्या महिन्यात पेटीत गांधीलमाशांनी घर केलं, तेव्हा तुझी आई म्हणाली, चला, कुणीतरी वाचायला आलं एकदाचं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तू मला तुझं हवामानाचं ऑफिस दाखवायला नेलंस, तो दिवस मी मनात किती वेळा काढून बघतो ते तुला सांगितलेलं नाही. आत एवढी थंडी की मी मफलर काढलाच नाही. तू सगळ्यांना सांगत होतीस, हे माझे बाबा, ते वादळ यांनीच ओळखलं होतं. तो चष्मेवाला मुलगा खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, म्हणजे आभाळमास्तर ते हेच? मी मफलरमध्ये तोंड घातलं. तुला वाटलं मी लाजलो. मग तू मला मोठ्या पडद्यासमोर बसवलंस. आपला सगळा किनारा तळहातासारखा पसरलेला, एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगरांची कड. एक वाजेपर्यंत काही नाही. मग डोंगरापाशी एक ठिपका उमटला, मग दुसरा, मग तीन एकदम. झाकणाखाली मक्याच्या लाह्या फुटतात ना, तसं. फुटणार हे सगळ्यांना माहीत, पण आधी कुठला दाणा ते कुणालाच नाही. चष्मेवाला म्हणाला, काका, पुढचा दाणा सांगा, माझी खुर्ची तुमची. मी म्हटलं, नको रे बाबा, फार गार आहे.

आणि मग तू ती रेघ दाखवलीस. केसाएवढी, पुसट. मला आधी वाटलं पडद्यावर ओरखडा आहे. तू सांगितलंस की डोंगरावरचा ढग फुटला की त्याच्या पोटातली गार हवा बदाबदा खाली पडते आणि फरशीवर बादली ओतावी तशी चहूकडे पसरते. ती रेघ म्हणजे त्या गार हवेची कड. ती किनाऱ्याकडे येत होती. समुद्राच्या बाजूनं दुसरी रेघ जमिनीत शिरत होती, ती खारी, ओली हवा. तू म्हणालीस, दोघी जिथे भेटतील तिथे हवेला जायला जागाच उरत नाही, वर जाण्याशिवाय. आणि काही नसलेल्या जागेवर तू बोट ठेवलंस. इथे, वीस मिनिटांत. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. अठराव्या मिनिटाला तुझ्या बोटाच्या जागी ढग जन्मला. भिंगरी, माझ्या अंगावर काटा आला तो थंडीचा नव्हता. पंचवीस वर्षं मी ढगांची नुसती पोटं बघितली होती खालून. ते चालतात कसे, एकमेकांना हाक कशी मारतात, ते तू मला दाखवलंस. मी पाळण्यात ठेवलेलं मूल आभाळाच्या जन्माची वेळ सांगत होतं. मी उठलो आणि पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेलो. पाणी प्यायलो नाही.

जाताना लिफ्टमध्ये तू आणखी एक गोष्ट बोललीस. म्हणालीस, रेघ दिसली म्हणून मला जागा सांगता आली. सकाळी दहाला विचारलं असतं तर मी एवढंच म्हणाले असते, आज किनाऱ्यावर कुठंतरी होईल. आणि 'कुठंतरी' हा शब्द लोकांना आवडत नाही बाबा, त्यांना हो किंवा नाही पाहिजे. तेव्हा हसत होतीस.

मिठागराच्या दिवशी तू सकाळच्या अंदाजात 'नाही' लिहिलंस. डोंगराकडे वादळी पाऊस, किनारा कोरडा. तुझ्याकडे जे होतं त्यावरून तेच निघत होतं. चौकशीतही तेच निघालं, तुझ्या वरच्या बाईंनी मला स्वतः फोन करून सांगितलं. दुपारी रेघ आली, एवढी पुसट की तिघांपैकी दोघांना दिसली नाही. तुला दिसली, आणि तू बारा मिनिटं आधी सगळ्यांच्या फोनवर इशारा धाडलास. मिठागरातल्या त्या माणसाचा फोन सदऱ्याच्या खिशात होता आणि सदरा शेडच्या खुंटीवर. तो उघड्या मैदानात, गुडघाभर पांढऱ्या उजेडात, मीठ ओढत होता. वीज त्याच्यावर पडली. पुढच्या आठवड्यात तू कुणालाही न सांगता त्याच्या घरी गेलीस, दोन तास बसलीस. त्याच्या बायकोनं तुला पाणी दिलं आणि एकच विचारलं, बाई, मग सकाळी का नाही सांगितलंत? हे तू आईला सांगितलंस. आईनं मला सांगितलं. चौकशीनं तुला सोडलं, पण तू स्वतःला सोडलं नाहीस. त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नाही. शहाण्यासुरत्या माणसांकडेही नसेल. मी तुला दुसरंच काही सांगायला बसलोय, आणि बघ, दोन पानं झाली तरी वेशीपाशीच घुटमळतोय.

आता त्या दिवसाचं. एकतीस वर्षांपूर्वीचा, ज्याची गोष्ट तू शाळेच्या निबंधात लिहिलीस, नोकरीच्या मुलाखतीत सांगितलीस, आणि मंगळवारी माझ्या तोंडावर मारलीस.

तू सहा वर्षांची होतीस आणि तीन दिवस तापानं फणफणली होतीस. वेधशाळेमागच्या दोन खोल्यांत आपण राहायचो. माझी नोकरी कच्ची होती, आज आहे उद्या नाही. माझं काम एवढंच की यंत्रं वाचायची, वहीत लिहायची आणि साडेअकराला शहरातल्या साहेबांना फोनवरून आकडे सांगायचे. त्या साहेबांना मी कधी बघितलं नव्हतं. गालात गोळी धरून बोलल्यासारखा आवाज, बस्स. त्यांना आम्ही फोनवरचे साहेब म्हणायचो. आपल्यासारख्या नऊ ठिकाणांचे आकडे ऐकून ते अंदाज सांगायचे, आणि वादळाचा अंदाज असला की मी धक्क्यावर जाऊन खांबाला काळी टोपली चढवायचो. टोपली वर असली की होड्या आत.

पेटीतले दोन तापमापक तू हजार वेळा बघितलेस, तरी लिहितो, कारण सगळं त्यातच आहे. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली, तिचं शेपूट खालच्या वाटीतल्या पाण्यात. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर उडतं आणि ओला तापमापक खाली उतरतो. हवेतच ओल भरलेली असली की पाणी उडत नाही आणि तो वर राहतो. वात दर आठवड्याला बदलायची. आणि नव्या मलमलीला खळ असते. ती उकळून धुतली नाही तर कापड पाणी ओढतच नाही, आणि मग ओला तापमापकही कोरड्यासारखा वरच राहतो. तुझी आई घरी तुकडे उकळून वाळवून मला द्यायची. त्या आठवड्यात तुझ्या उशाशी बसून तिला फुरसत कुठली? उकळलेले तुकडे संपले होते. सकाळचं वाचन झाल्यावर मी जुनी पिवळी पडलेली वात काढली, मलमलीच्या ठाणातून कोरा तुकडा फाडला, गुंडाळला आणि तुझ्याकडे पळालो. मनात म्हटलं, एका दिवसानं काय होतंय.

साडेअकराला वाचन घेतलं. पंधरा दिवस जमिनीकडचा वारा होता, ओला तापमापक तेवीस-चोवीसच्या वर सरकत नव्हता. त्या दिवशी एकोणतीस. मी तसंच शाईनं वहीत लिहिलं आणि फोन लावला. साहेब म्हणाले, किती? परत बोल. मी म्हटलं, एकोणतीस. ते म्हणाले, काल तेवीस होता, जा, परत बघून ये. मी पळत गेलो, बघितलं, एकोणतीसच. आलो, सांगितलं. मग त्यांनी विचारलं, वात ओली आहे ना रे? आणि मी म्हटलं, हो साहेब.

मी हात लावला नव्हता. हात लावायला दोन सेकंद लागतात. पण एकदा पळत जाऊन आलो होतो, पुन्हा जातो म्हटलं तर आधी नीट बघितलं नव्हतं असं झालं असतं. शिवाय डोक्यात तुझा ताप. तोंडातून हो गेलं. साहेब म्हणाले, मग आज होणार. टोपली चढव.

टोपली चढवली. सत्तेचाळीस होड्या निघायच्या तयारीत होत्या, त्या थांबल्या. आभाळ इतकं निळं की बघताना डोळे दुखत होते. दाढीवाला नावाडी, ज्याला तू घोडा करून फिरायचीस, तो म्हणाला, काय हो, टोपली वाळत घातलीत की काय? सगळे हसले. मीही हसलो. परत आलो, आणि काय वाटलं कोण जाणे, पेटी उघडून वातीला बोट लावलं. कागदासारखी कडक होती. टोकाशी जरा दमट, वर ठणठणीत कोरडी. मी ती ओढून काढली, जुनी पिवळी वात भिजवून लावली आणि घड्याळ लावून दहा मिनिटं उभा राहिलो. चोवीस. हवेत काही नव्हतं. जे होतं ते माझ्या वहीतच होतं.

तेव्हा एक वाजला होता. फोन टेबलावर. मी दोनदा उचलला. एकदा तर पलीकडून हॅलोसुद्धा आलं, आणि मी ठेवून दिला. काय सांगणार होतो? साहेब, मी हो म्हटलं ते खोटं होतं? नोकरी जाईल, दोन खोल्या जातील, पोर तापात आहे. एवढाच विचार होता, आणि तो होड्यांचा नव्हता, भिंगरी, तो माझ्या कातडीचा होता. दीडला तुझी आई डबा घेऊन आली, तू तिच्या कडेवर. ताप उतरला होता, पण घरात राहायला तयार नव्हतीस, म्हणून चादरीत गुंडाळून आणलं होतं. ती कडक वात टेबलावरच पडली होती. आईनं डबा ठेवताना ती उचलली, दोन बोटांत धरली, खाली ठेवली आणि म्हणाली, जेवून घ्या. मी जेवलो नाही. ती तुला घेऊन व्हरांड्यात बसली.

तिथून पुढचं तुला आठवतं असं तू म्हणतेस. मला जे आठवतं ते वेगळं आहे. पावणेतीनला डोंगरामागून एक पांढरा गड्डा वर आला, फुलकोबीसारखा. बघता बघता त्याच्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि सगळ्यांत वरचा इतका उंच गेला की त्याचं डोकं सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखं पसरलं. असे डोंगरावर रोजच यायचे आणि तिथेच विरायचे. मी मनाशी म्हणत होतो, विर, विर. मग दुसरं मन म्हणालं, विरू नकोस रे बाबा, ये. एका माणसाला एकाच वेळी या दोन्ही गोष्टी मागता येतात, हे मला त्या दिवशी कळलं. साडेतीनला समुद्राकडून वारा आला, पंधरा दिवसांत पहिल्यांदा. ओलसर, शेवाळाच्या वासाचा. मी पेटी उघडली. ओला तापमापक डोळ्यांदेखत चढत होता. पंचवीस. सव्वीस. मी तिथेच उभा, तोंड उघडं. सत्तावीस. आणि तेवढ्यात तुझ्या आईनं नुसता माझा हात धरला आणि बोट वर केलं.

आपल्या डोक्यावर काही नव्हतं, आणि मग होतं. निळ्या आभाळात आधी एक धूसर पट्टा, किनाऱ्याला समांतर, कुणी दोरी लावून आखल्यासारखा. तो काळा झाला. त्याच्या पोटाशी हिरवट उजेड. छपरावरची वारा मोजायची भिंगरी थांबली. पक्षी थांबले, धक्क्यावरची माणसं बोलायची थांबली. एवढी शांतता मी नंतर कधी ऐकली नाही. मग डोंगराकडून गार हवेची भिंत येऊन अंगावर आदळली, आणि भिंगरी अशी फिरली की तिच्या वाट्या दिसेनाशा झाल्या, नुसतं एक चांदीचं कडं दिसत होतं. तू टाळ्या वाजवल्यास. म्हणालीस, बाबा, भिंगरी! म्हणून तुझं ते नाव. पुढची वीस मिनिटं मला सांगता येणार नाहीत. बर्फखान्याचा पत्रा कागदासारखा उडाला. गारा. विजा समुद्रावर अशा उतरत होत्या जणू कुणी काठीनं पाणी शोधतंय. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून दोन फुटल्या, आणि धक्क्याच्या तोंडाशी समुद्र उभा राहिला होता, भिंगरी, उभा. सत्तेचाळीस होड्या त्या वेळी कुठे असत्या ते सगळ्यांना दिसत होतं, कारण सगळे नेमकं तिकडेच बघत होते. तुझ्या आईनं तुझं डोकं पदरात झाकलं आणि तू पदर बाजूला करून बघत राहिलीस. मला मात्र वाटलं, हे माझ्यासाठी आलंय. हे माझं खोटं बघायला एवढ्या लांबून चालत आलंय.

मग ते संपलं. ऊन पडलं. दाढीवाल्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि सोडेचना. म्हणाला, मास्तर, तुम्ही माणूस नाही, तुम्ही आभाळाचे मास्तर. सातवीतून उठलेला मी मास्तर झालो. फोनवरच्या साहेबांनी नऊ ठिकाणांत एकट्या माझ्या आकड्याची तारीफ केली, पुढच्या वर्षी नोकरी कायम झाली. गळ्यात हार घालून काढलेला माझा फोटो तू अजून टेबलावर ठेवतेस. प्रशिक्षणात असताना तू त्या दिवसाची वही मुद्दाम शोधून काढलीस आणि मला फोन केलास, बाबा, आजूबाजूच्या एकाही ठिकाणी एवढी ओल नव्हती, फक्त तुमच्याकडे! हे कसं ते कुणालाच सुटत नाहीये! मी खोकलो आणि विचारलं, जेवलीस का. आता कळलं ना मी तो प्रश्न कधी कधी विचारतो?

काल चहाच्या वेळी तुझी आई म्हणाली, त्या टिनच्या डबीतली वात पाठवा तिला. माझ्या हातून बशी निसटली. ती डबी मी कपाटात जुन्या चष्म्यांच्या मागे ठेवतो, आणि मला वाटायचं ती फक्त मलाच माहीत आहे. आई म्हणाली, आयुष्यभर शिवणकाम केलंय मी, खळीचं कापड बोटाला कळत नाही होय? तेव्हाच कळलं. मग बोलली का नाहीस, मी विचारलं. म्हणाली, होड्या वाचल्या होत्या, पोरीचा ताप उतरला होता, आणि तुमचं तोंड असं झालं होतं की आणखी काय बोलायचं? एकतीस वर्षं तुम्ही गप्प बसलात, मी म्हटलं बसू दे बापड्याला. पण आता तुमच्या गप्प बसण्याखाली पोरगी दबतेय. उठा, लिहा. आणि माझा गुडघा दुखतोय, चहा तुम्हीच पुसा.

तर हे त्यासाठी. सोबतच्या घडीत ती वात आहे. वाटीत पाणी घेऊन तिचं टोक बुडवून ठेव, अजूनही पाणी वर चढत नाही, मी काल करून बघितलं. तुझ्यात जे उतरलं नाही असं तू म्हणतेस ते माझ्यात नव्हतंच, बाळ. माझं सगळं चुकलं होतं आणि वादळ आलं. तू हात लावून बघितलंस, डोळे फाडून बघितलंस, तिघांत तुलाच ती रेघ दिसली, आणि तरी तो माणूस गेला. या दोन्हींचा हिशोब कसा लागतो ते मला कळत नाही. त्या दिवशी समुद्र उभा राहिलेला बघितल्यापासून कळत नाही, आणि ज्याला कळतं असं वाटतं त्यानं तुझ्या खुर्चीवर बसू नये असं मला वाटतं. राजीनामा द्यायचा तर त्या बाईच्या प्रश्नासाठी दे, मी एक शब्द बोलणार नाही. पण माझ्या वहीतल्या एकोणतीससाठी देऊ नकोस. तो आकडा खोटा आहे. हवं तर तुझ्या वरच्या बाईंना सांग, वहीत लाल शाईनं खूण करायला लाव, फोटो टेबलावरून काढ. मला लाज वाटेल, पण ती माझी आहे, तुझी नाही. आणि एक कर. रविवारी साडेअकराला मला फोन कर आणि आकडे विचार. मी सांगेन. मग त्या साहेबांनी विचारलं होतं तसं विचार, वात ओली आहे ना? फोन हातात धरून थांब. मी पेटीपर्यंत चालत जाईन, आता वेळ लागतो, गांधीलमाशाही आहेत, पण जाईन, बोट लावून बघेन, आणि परत येऊन तुला खरं सांगेन.

तुझाच,
न बघता हो म्हणालेला
बाबा